‘वातावरण भीतिदायक आहे’... मग?

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलीचा प्रश्न आहे. तिने अमेरिकन लेखक एडगर अ‍ॅलन पोच्या ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’ या कथेवर निबंध लिहिला. त्यात तीन परिच्छेद होते: वातावरण, स्थळ आणि निवेदक. पहिल्याचा निष्कर्ष ‘गूढ आणि भीतिदायक’, दुसऱ्याचा ‘जुनाट, पडका वाडा’, तिसऱ्याचा ‘निवेदक अविश्वासार्ह आहे, कारण तो घाबरलेला आहे’. बाईंनी समासात एकच शेरा मारला, ‘मग?’. आता ती विचारते आहे की या तीन गोष्टींचं विश्लेषण म्हणजे नेमकं काय करायचं, आणि निवेदकावर विश्वास ठेवायचा की नाही हे कशावरून ठरवायचं.

अशा ‘गॉथिक’, म्हणजे भय आणि गूढाच्या, कथा मी पंचवीसेक वर्षं वर्गात शिकवतो आहे आणि ‘मग?’ हा शेरा मीही पोत्याने वाटला आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी एक गोष्ट. दोष सगळा तुमचा नाही. शाळेपासून आपण रसग्रहण लिहायला शिकतो ते कप्पे पाडून: कथानक, पात्रचित्रण, वातावरणनिर्मिती, भाषाशैली. यातली ‘वातावरणनिर्मिती’ म्हणजे नाटकाच्या मागे टांगलेला रंगवलेला पडदा, अशी समजूत होऊन बसते. लेखकाने आधी धुकं सोडलं, दोन घुबडं बसवली आणि मग पात्रांना आत पाठवलं. पण पोच्या कथेत हा पडदा कोण रंगवतंय? लेखक नाही. प्रथमपुरुषी निवेदनात सगळं धुकं एकाच तोंडातून बाहेर येतं, आणि ते तोंड कथेतल्याच एका माणसाचं असतं. म्हणून तुमचे तीन परिच्छेद हे मुळात तीन विषयच नाहीत. स्थळाचं वर्णन ही त्या माणसाची साक्ष आहे, आणि वातावरण हा त्या साक्षीचा सूर.

ज्यांनी रससिद्धांत वाचला आहे त्यांच्यासाठी: पडका वाडा, रात्र, वादळ हे सारे उद्दीपन विभाव, म्हणजे भावना चेतवणाऱ्या गोष्टी, हे बरोबर. पण इथे गंमत अशी की उद्दीपनाची सगळी माहिती आपल्याला आश्रयाकडूनच, म्हणजे ज्याच्या मनात ती भावना जागते त्याच्याकडूनच, मिळते. जो घाबरला आहे, तोच भीतीची कारणं मोजून देतो आहे.

आता ‘अशर’ उघडा. कथा १८३९ च्या सप्टेंबरात ‘बर्टन्स जंटलमन्स मॅगझिन’मध्ये आली. पहिलं वाक्य लांबलचक आहे: मळभाचा, आवाज नसलेला शरदातला दिवस, खाली उतरलेले ढग, घोड्यावरून एकटा चाललेला माणूस, आणि संध्याकाळ होता होता दिसलेलं अशरांचं घर. पाठोपाठ तो सांगतो की घर दिसताक्षणी, का कोण जाणे, असह्य उदासी मनात शिरली. वर्गात मी इथे एक खेळ करतो. पेन्सिल घ्या आणि या परिच्छेदातली विशेषणं आणि भावनांचे शब्द खोडा. उरतं काय? एक घर. भिंती. खिडक्या. थोडं लव्हाळं. वाळलेल्या झाडांचे चार पांढरे बुंधे. एक तळं. यात भिण्यासारखं काही नाही. उरलेलं सगळं त्याने आणलंय. खिडक्या ‘रिकाम्या डोळ्यांसारख्या’ आहेत, हे तो एकाच परिच्छेदात दोनदा म्हणतो, आणि ही उपमा त्याची आहे, खिडक्यांची नाही.

पण इथेच थांबलात तर अर्धंच काम झालं, कारण हा माणूस मूर्ख नाही. त्याला स्वतःलाच प्रश्न पडतो की साध्यासुध्या वस्तूंची नुसती मांडणी मनावर असा परिणाम कसा करते. मांडणी बदलली तर परिणाम बदलेल, असा तर्क करून तो तळ्याच्या काठाशी जातो आणि पाण्यात उलटं पडलेलं प्रतिबिंब बघतो. म्हणजे हा चक्क प्रयोग आहे. प्रयोग फसतो. शहारा आधीपेक्षा मोठा येतो. मग तो एक कबुली देतो, जी जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या नजरेतून निसटते. तो म्हणतो की मी माझ्या कल्पनेला इतकं चाळवलं होतं, की या घराभोवती त्याचं स्वतःचं वेगळं वातावरण आहे असं मला खरंच वाटू लागलं: कुजक्या झाडांतून, करड्या भिंतींतून, मुक्या तळ्यातून वर आलेली शिशाच्या रंगाची रोगट वाफ. पोने मूळ इंग्रजीत जो शब्द वापरला आहे त्याचा अर्थ ‘वातावरण’ असाच होतो, आणि आपल्या शब्दासारखाच तोही आधी हवेचा आणि नंतर मनाचा. तुम्ही ज्या गोष्टीवर परिच्छेद लिहिलात ती कथेत एक वस्तू म्हणून येते, निवेदक तिच्याकडे बोट दाखवतो, आणि पुढच्याच श्वासात म्हणतो की हे स्वप्नच असणार, झटकून टाकतो आणि इमारतीचं खरं रूप बघतो.

आता बरीच पानं ओलांडून शेवटच्या वादळी रात्रीकडे या. घराचा मालक आणि निवेदकाचा जुना मित्र रॉडरिक अशर खिडकी उघडतो. घराभोवती मंद उजेडाची वाफ पसरलेली दिसते. निवेदक त्याला ओढून खुर्चीत बसवतो आणि समजावतो की हे असं बघू नकोस, हा नेहमीचाच विजेचा प्रकार असेल, नाहीतर तळ्याच्या कुजकट हवेतून आला असेल. थांबा. तळ्यातून निघणारी वाफ? पहिल्या संध्याकाळी ज्याला तो स्वप्न म्हणाला, तेच आता तो विज्ञान म्हणून पुढे करतो आहे. दोन्ही वेळा त्याच्या बोलण्याचा सूर शहाण्या माणसाचा आहे. अविश्वासार्हता शोधायची ती अशा जागी. ‘तो घाबरलेला आहे’ हे कारण पुरत नाही. घाबरलेला माणूस खरं बोलू शकतो. पण एकाच गोष्टीबद्दलची त्याची दोन विधानं एकमेकांवर बसत नाहीत, हा पुरावा झाला.

त्याहून मोठा पुरावा तळघरात आहे. रॉडरिकची जुळी बहीण मॅडलिन ‘मरते’. तिचा आजार निवेदकाला ठाऊक आहे: मधूनच शरीर ताठ होऊन मेल्यासारखं पडायचं. दोघं मिळून तिची शवपेटी तळघरात नेतात, झाकण थोडं सरकवून चेहरा बघतात. गालांवर आणि छातीवर फिकट लाली आहे, ओठांवर हसू आहे. निवेदक म्हणतो की या प्रकारच्या आजारांत असं दिसतंच. मग ते झाकण बसवतात, स्क्रू पिळतात, लोखंडी दार लावतात. हे तळघर बरोबर निवेदकाच्या झोपायच्या खोलीखाली आहे. ही माहिती तोच देतो, आणि तिच्यावर एक शब्द बोलत नाही.

आता मागे वळून पहिलं वाक्य पुन्हा वाचा. ही गोष्ट तो सगळं घडून गेल्यावर सांगतो आहे. एका बाईला बहुधा जिवंतपणी पेटीत घालण्यात याचा हात होता, आणि शेवटी हा एकटा पळून वाचला. असा माणूस गोष्टीची सुरुवात कशी करील? ‘त्या घरातच काहीतरी होतं हो, दिसताक्षणी जाणवलं मला.’ माझं मत असं की ‘अशर’मधलं सुरुवातीचं सुप्रसिद्ध उदास वातावरण हा निवेदकाचा बचाव आहे. हे सर्वमान्य वाचन नाही आणि तुम्ही ते मान्य केलंच पाहिजे असंही नाही. पण बघा, या वाचनात स्थळ, वातावरण आणि निवेदक तिन्ही एका दोरीत आले. ‘मग?’चं उत्तर मिळालं.

इथे एक सूचना. उत्साहाच्या भरात ‘सगळं त्याच्या डोक्यातच घडतं’ असं लिहून मोकळे होऊ नका. ते आळशी वाचन आहे. कथेत घर खरोखर कोसळतं. आणि पहिल्याच संध्याकाळी, ते ‘स्वप्न’ झटकल्यावर, छपरापासून नागमोडी खाली उतरत तळ्याच्या पाण्यात हरवणारी एक बारीक भेग त्याने टिपली होती. निरखून बघणाऱ्यालाच दिसली असती अशी, असं तो सांगतो. शेवटी घर दुभंगतं ते त्याच भेगेतून. भावनेच्या भरात तो वाट्टेल ते बोलतो, पण थंड डोक्याने केलेली नोंद खरी ठरते. म्हणजे हा निवेदक सरसकट खोटा नाही. तो कुठे भरवशाचा आणि कुठे नाही, याची सीमारेषा आखणं हे तुमचं काम.

‘हाउस’ हा शब्द कथेत वास्तू आणि वंश अशा दोन्ही अर्थांनी आहे. आसपासचे शेतकरी तो तसाच वापरतात, असं निवेदक सांगतो. मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. वंश संपला, सगळं धुळीला मिळालं की आपण म्हणतोच, ‘घर बुडालं’. पोने ते शब्दशः तळ्यात बुडवलं. अशर घराण्याला फांद्या नाहीत, एकच सरळ रेषा, आणि तिच्या टोकाला ही दोन निपुत्रिक जुळी भावंडं. परीक्षेत हे मराठीतून लिहायचं असेल तर ‘घर’ हाच शब्द धरून ठेवा. ‘वाडा’ लिहिलंत की दुसरा अर्थ हातचा गेला.

आता निवेदकाच्या प्रश्नाकडे नीट येऊ. ‘अविश्वासार्ह निवेदक’ ही संज्ञा अमेरिकन समीक्षक वेन बूथने १९६१ साली रूढ केली. पोच्या काळी ती नव्हती. संज्ञा सोयीची आहे, पण तिने एक वाईट सवय लावली: निवेदकाला पास किंवा नापास करायची. मी वर्गात ‘विश्वासार्ह आहे का?’ असं विचारतच नाही. ‘कशाबाबत?’ असं विचारतो.

‘द टेल-टेल हार्ट’ घ्या, १८४३ च्या जानेवारीतली कथा. निवेदक पहिल्याच वाक्यात विचारतो, मी अतिशय अस्वस्थ होतो आणि आहे, पण तुम्ही मला वेडा का म्हणता? मग म्हाताऱ्याला कसं मारलं ते तो सांगतो. सात रात्री, मध्यरात्रीच्या सुमारास, दार इतकं हळू उघडायचं की नुसतं डोकं आत घालायला तास लागावा. मुलं इथे हसतात. हसू द्या. वेडा असं करू शकला असता का, असं तो मोठ्या अभिमानाने विचारतो तेव्हा हसू आणि काटा एकदम येतो, आणि कथेचा मूड म्हणजे हे मिश्रण आहे. नुसतं ‘भीतिदायक’ लिहिणाऱ्याच्या हातून हे हसू सुटतं.

कशाबाबत विश्वास ठेवायचा? खून केला, तुकडे केले, फरशीखाली लपवले: यावर ठेवावा लागतो, कारण तो स्वतःविरुद्ध बोलतो आहे. आपण शहाणे आहोत, यावर अर्थातच नाही. आणि ठोके? इथे बारकाईने वाचावं लागतं. खुनाच्या आधी त्याला म्हाताऱ्याच्या काळजाचा आवाज ऐकू येतो, कापसात गुंडाळलेल्या घड्याळासारखा. पोलीस समोर बसलेले असताना पुन्हा आवाज येतो, आणि उपमा तीच, जवळजवळ त्याच शब्दांत. मेलेल्या माणसाचं काळीज वाजत नाही. म्हणजे दुसऱ्या वेळी तो आवाज त्याचा स्वतःचा असावा, हे सगळे लिहितात. पण मग पहिल्या वेळी कोणाचा होता? तो म्हाताऱ्याच्या उशाशी नव्हता, दारात होता. शिवाय रात्र रात्र भिंतीतल्या ‘मरणघड्याळां’चा आवाज ऐकत बसायची आपली सवय त्याने आधीच सांगून ठेवली आहे. हा लाकूड पोखरणारा, टिकटिक करणारा किडा. त्याची टिकटिक म्हणजे मरणाची सूचना, असा युरोपात जुना समज होता. या कथेत स्थळ जवळजवळ नाहीच. गावाचं नाव नाही, रस्ता नाही, चोरांच्या भीतीने लावून घेतलेल्या झडपा आणि डांबरासारखा काळोख. डोळ्यांना काही द्यायचंच नाही, म्हणजे वाचक त्याच्याबरोबर कानाने जगू लागतो. स्थळाची गरिबी हीसुद्धा स्थळाची मांडणीच आहे.

‘द कास्क ऑफ अमॉन्टिलाडो’बद्दल थोडक्यात. १८४६. निवेदक माँट्रेसॉर शत्रूला, फॉर्च्युनाटोला, दारूच्या मिषाने कौटुंबिक तळघरात नेतो आणि भिंतीत चिणतो. दगडाच्या थरांची संख्या अकरा, गवंड्याच्या हिशेबाने सांगितलेली. घटनांबाबत हा सर्वांत चोख निवेदक. पण फॉर्च्युनाटोने केलेला अपमान नेमका कोणता, ते सांगत नाही. आणि अगदी शेवटी, आतून हाकांऐवजी विदूषकी टोपीच्या घुंगरांचा आवाज तेवढा येतो तेव्हा, याचं काळीज कसंनुसं होतं. लगेच खुलासा: तळघराच्या दमट हवेमुळे. नाचता येईना, अंगण वाकडं. पन्नास वर्षांनीही तो दोष ओलीलाच देतो आहे. भिंतींवरचा सोऱ्याचा पांढरा थर, टपकणारं पाणी, खोकला, हे सगळं वातावरण पोने कथाभर का साचवलं, ते या एका सबबीत कळतं.

मग सगळे गॉथिक निवेदक स्थळावर खापर फोडतात का? नाही, आणि म्हणून चौथी कथा जोडून वाचा: शार्लट पर्किन्स गिलमन यांची ‘द यलो वॉलपेपर’, १८९२ च्या जानेवारीतली. इथे गणित उलटं आहे. बाळंतपणानंतर खचलेल्या एका बाईला तिचा डॉक्टर नवरा जॉन उन्हाळ्यापुरत्या भाड्याने घेतलेल्या घरात वरच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवतो. लिहायचं नाही, विचार करायचा नाही, विश्रांती घ्यायची. खोलीच्या खिडक्यांना गज आहेत, भिंतीत कड्या आहेत, पलंग जमिनीला ठोकलेला आहे. ती म्हणते, पूर्वी मुलांची खोली असावी, गज लहानग्यांसाठी आणि कड्या बहुधा कसरतीसाठी. ‘अशर’चा निवेदक निरुपद्रवी वस्तूंना भयानक ठरवत होता. ही भयानक वस्तूंना निरुपद्रवी ठरवते आहे. वाचकाचं रक्त थिजतं ते तिच्या या समजूतदारपणाने.

आणि ‘कशाबाबत?’ हा प्रश्न इथे सर्वांत फळतो. खोलीच्या भिंतीवरच्या पिवळ्या कागदामागे रांगणारी बाई आहे, हे तिचं निरीक्षण खरं मानता येत नाही. पण या उपचाराने माझं बिघडतंय, हे तिचं म्हणणं? ते शब्दशः खरं ठरतं. जॉन तर्कशुद्ध आहे, प्रेमळ आहे, ‘बरी होते आहेस’ म्हणतो आणि ठार चुकतो. कथेत वेडी होत चाललेली व्यक्तीच निदानाबाबत भरवशाची आहे. गिलमन यांनी स्वतः १८८७ मध्ये डॉ. वीअर मिचेल यांचा हा विश्रांती-उपचार घेतला होता, आणि कथेत मिचेल यांचं नाव धमकीसारखं येतं. ही माहिती निबंधात एका वाक्यापुरती ठेवा.

दोन वस्तूंवर नजर ठेवा. एक, भिंतीच्या तळाशी खोलीभर फिरलेला एक लांब डाग. तो कशाने पडला असेल याचं तिला नवल वाटतं. शेवटी रांगताना तिचा खांदा त्या डागात अगदी बरोबर बसतो. मग डाग कोणी पाडला? दुसरी, पलंगाचं कुरतडलेलं लाकूड. ते तसं दिसतं असं ती लिहिते, आणि काही ओळींनंतर संतापून आपण कोपऱ्याचा तुकडा दाताने तोडल्याचं तीच लिहिते. इथे स्थळ साक्ष देतं, तेही निवेदिकेच्या नकळत. तिने पुसलेला इतिहास भिंत आणि पलंग जपून ठेवतात. शिवाय कथा दैनंदिनीसारखी आहे: जॉन आला, आता हे लपवायला हवं, अशा वाक्यावर नोंद तुटते. शेवटच्या प्रसंगात तो बेशुद्ध पडलेला आणि ती त्याच्या अंगावरून रांगत फेऱ्या मारते आहे. मग ही नोंद कधी लिहिली, कोणी लिहिली? मला याचं समाधानकारक उत्तर कधी सापडलेलं नाही. दर वर्षी वर्गाला विचारतो.

आता टाळायच्या दोन गोष्टी. निवेदकाला आजाराचं नाव चिकटवू नका. ‘याला अमुक मनोविकार होता’ असं लिहिलं की वाचन संपतं, कारण रोग्याच्या प्रत्येक वाक्याला तेच एक उत्तर पुरतं. आणि पोच्या दारूबद्दल लिहू नका. १८४९ मध्ये तो गेल्यावर रुफस ग्रिसवोल्ड या त्याच्या वैऱ्याने टोपणनावाने मृत्युलेख लिहून त्याची जी प्रतिमा रंगवली, तिचे शिंतोडे अजून आपल्या गाइडांमध्ये दिसतात. ‘टेल-टेल हार्ट’चा निवेदक बरळतो, पण पोचा प्रत्येक पुनरुच्चार मोजून बसवलेला आहे. १८४२ मध्ये अमेरिकन कथाकार नथॅनिएल हॉथॉर्नच्या कथांवर लिहिताना त्याने म्हटलंच होतं की कुशल कथाकार आधी एकच परिणाम ठरवतो आणि पहिल्या वाक्यापासून त्याच्याकडेच जातो.

प्रत्यक्ष काम करताना मी कथेच्या प्रतीवर दोन रंग वापरतो. ‘मी पाहिलं’, ‘ऐकलं’, ‘मोजलं’ याला निळा. ‘वाटलं’, ‘असावं’, ‘जणू’, ‘का कोण जाणे’ याला लाल. आपल्याकडे गप्पांत ‘म्हणे’ हा एक शब्द घातला की ऐकणाऱ्याला कळतं, बोलणारा हमी घेत नाहीये. पोच्या निवेदकांचे असले शब्द लाल रंगाने वर येतात. जिथे लाल अचानक थांबून निळा सुरू होतो तिथे, म्हणजे ती भेग, ती फिकट लाली, ते अकरा थर, तिथे दोन मिनिटं थांबा.

तुमचं पहिलं वाक्य होतं, ‘कथेचं वातावरण गूढ आणि भीतिदायक आहे.’ त्याऐवजी हे बघा: ‘घराभोवतीच्या रोगट वाफेला निवेदक पहिल्या संध्याकाळी स्वप्न म्हणतो आणि शेवटच्या रात्री नैसर्गिक घटना, या दोन विधानांच्या मध्ये त्याने मॅडलिनच्या पेटीचे स्क्रू पिळलेले आहेत.’ बाकीचा निबंध या वाक्याच्या पोटातून काढा. शब्दमर्यादा हजाराची असेल तर ‘अशर’ आणि ‘यलो वॉलपेपर’ एवढ्या दोनच कथा घ्या.